एक सेंटिमीटरची चाळण

मामीकडे भुईमुगाच्या शेंगा चाळायची एक चाळण आहे. लाकडी चौकट आणि तिला खिळ्यांनी ठोकलेली बारीक तारेची जाळी. तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड, स्टेनलेस स्टीलची. भोकं एक सेंटिमीटरची, चौकोनी, एकसारखी. शेंगा वर राहतात, माती खाली पडते. तीस वर्षं होत आली, तिला गंज ठाऊक नाही. ही जाळी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची. डिशवर जाळी बसवताना जो तुकडा उरला, तो मामाने तिथल्या इंजिनिअरसाहेबांना विचारून घरी आणला होता. 'विचारून' हा शब्द मामा दर वेळी, कुणी शंका घेतलेली नसताना, आवर्जून जोडायचा.

वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. आई मला घेऊन माहेरी आली ती तिथलीच झाली. मामाचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून सायकलच्या अंतरावर. त्या वर्षांत खोडदच्या माळावर काहीतरी अजस्र उभं राहत होतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश; १४ मधल्या चौकात, साधारण एक किलोमीटर लांब-रुंद जागेत, आणि बाकीच्या १६ तीन दिशांना, शेताशिवारांतून, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप या माणसाचं हे स्वप्न. अख्ख्या पत्र्याची एवढी डिश करायची तर वजन आणि खर्च दोन्ही आवाक्याबाहेर. त्यांनी पत्राच काढून टाकला. सोळा लोखंडी कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले पोलादी दोर आणि दोरांवर बांधलेली जाळी. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका चालतो. ही जाळी बांधणाऱ्या कंत्राटी मजुरांत मामा होता. संध्याकाळी घरी आला की मामी त्याच्या बोटांना खोबरेल लावायची. तारेची टोकं बोटांत घुसून जागोजागी चिरा पडलेल्या असायच्या.

शाळेत आम्हाला सांगितलं होतं की या डिश आकाशातून येणाऱ्या लहरी गोळा करतात. मी मामाला विचारलं, "एवढी भोकं आहेत, मग लहरी गळत नाहीत का?" त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने हाच प्रश्न साहेबांना विचारला आणि उत्तर घेऊन आला. मला परसात नेलं, कोंबड्यांच्या खुराड्यापुढं उभं केलं.

"ही जाळी. हिच्यातनं मुंगी जाती का न्हाई?"

"जाते."

"कोंबडी?"

"नाही."

"आभाळातनं जी लाट येती ना, ती कोंबडीयेवढी हाये. भोक मुंगीयेवढं. लाटंला ते भोक दिसतच न्हाई. तिला वाटतं पत्राच हाये."

खोडदची दुर्बीण ज्या लहरी ऐकते त्यांतली सर्वांत आखूडसुद्धा वीस सेंटिमीटरच्या आसपासची, आणि लांब तर दोन मीटरची. डिशच्या मधल्या भागात एक सेंटिमीटरची भोकं, कडेला दोनची. मामाचं कोंबडी-मुंगीचं प्रमाण बरंच बरोबर होतं. मी आयुष्यात शिकलेलं हे पहिलं भौतिकशास्त्र.

जाळीचं काम संपलं. काही वर्षांनी मामाला लांबच्या एका डिशवर रात्रीच्या राखणीचं काम मिळालं. तेही कंत्राटदाराकडूनच. त्या कंत्राटदाराने एकदा सलग तीन महिने पगार अडकवून ठेवला होता. नाव घेण्यात अर्थ नाही, असे कंत्राटदार गावोगाव असतात. मी तेव्हा पुण्यात बी.एस्सी.ला होते आणि वसतिगृहाची फी वेळेवर भरली जात होती. तीन महिने मामा रात्री डिश राखायचा आणि दिवसा द्राक्षबागांवर छाटणीला जायचा, झोप मिळेल तेव्हा बांधावर. हे मला मामीने सांगितलं, तेही कितीतरी वर्षांनी, शेंगा चाळता चाळता. बारावीनंतर माझं लग्न लावून टाकायचं असं भावकीत जवळजवळ ठरलं होतं. मामाने त्या बैठकीत काय सांगितलं ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. बैठक लवकर उठली आणि माझ्यासाठी पत्र्याची ट्रंक आली, एवढं मात्र मी पाहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्यासोबत राखणीला जायची. २००१ ची दिवाळी नीट आठवते, कारण त्याच वर्षी ऑक्टोबरात दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली होती आणि मामा त्या समारंभाचं वर्णन करून थकत नव्हता. एका बाजूला ऊस, त्यात बिबट्याची भीती. लांबवर कुणीतरी रात्रीच्या लाईटीत पाणी भरत असायचं, त्याच्या मोटरीचा आवाज यायचा. मध्येच डिश हलायला लागायची. तो घरघराट अंधारात ऐकायला अजब वाटतो. डोक्यावरचं काळं घमेलं सावकाश कलतं आणि तारे झाकत, उघडत जातं. मामा तिला परात म्हणायचा. "परात आज खाली दक्षिणंला बघती," असं म्हणून तो कॅलेंडरच्या मागे तारीख आणि दिशा लिहून ठेवायचा. त्याचं त्याला काही करायचं नव्हतं. पण राखतोय त्या वस्तूचं चाललंय काय, हे ठाऊक असावं असा त्याचा स्वभाव.

त्या दिवाळीत एका रात्री मी त्याला पल्सार समजावले. नुकतेच शिकले होते, अंगात आलं होतं. मोठा तारा मरतो, स्फोट होतो, गाभा दाबला जाऊन न्यूट्रॉन तारा उरतो. सूर्याहून जास्त वस्तुमान, आणि आकार एवढासा की मंचरपासून आळेफाट्यापर्यंतच्या अंतरात मावेल. तो गरगर फिरतो, त्याच्या चुंबकीय ध्रुवांतून रेडिओ लहरींचे झोत निघतात, आणि झोत आपल्यावरून गेला की दुर्बिणीत टिक् असा ठोका उमटतो. मामा विडी न पेटवता हातात धरून ऐकत होता.

"मेलाय म्हंतीस, तर फिरवतंय कोण त्याला?"

मी म्हटलं, "जन्मताच फिरत असतो. तारा आकसला की वेग वाढतो. मग हळूहळू मंदावतो आणि काही कोटी वर्षांनी गप्प होतो."

"म्हंजी म्हातारे ऐकूच येत न्हाईत म्हण की."

"नाही येत."

तो जरा वेळ गप्प बसला. मग विषय वळवावा म्हणून की काय, जाळीकडे बोट करून त्याने जुनं कोंबडीचं काढलं. आणि मी हसले. "मामा, लाट म्हणजे काय कोंबडी आहे का? ते असं नसतं," असं म्हणून मी त्याला विद्युतचुंबकीय लहरी आणि वाहक पृष्ठभाग यांच्यावर एक व्याख्यान दिलं. सगळं बरोबर होतं, आणि त्याला त्यातलं काही कळलं नाही. "असंल," तो म्हणाला. त्यानंतर त्याने मला भौतिकशास्त्रातलं काहीही समजावलं नाही.

जानेवारी २००३ मध्ये मामा गेला. पहाटे राखणीवरून आल्यावर छातीत कळ, गाडी मिळेपर्यंत उशीर. यात कुणाचा दोष नव्हता. ते कॅलेंडर मामीने पुढच्या वर्षी फडताळात अंथरलं.

२००४ मध्ये मी पुणे विद्यापीठात एम.एस्सी. करत होते. त्या वर्षी पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि ईश्वरचंद्र यांचा एक शोधनिबंध आला. एनजीसी १८५१ नावाच्या बंदिस्त तारकागुच्छात खोडदच्या दुर्बिणीने एक पल्सार शोधला होता. तारकागुच्छातला पल्सार खोडदने शोधण्याची ती पहिलीच वेळ. मी तो निबंध वाचला तेव्हा निम्मा कळला. उरलेला निम्मा समजायला दोन वर्षं गेली, आणि तो समजत गेला तसा मामाचा प्रश्न परत परत समोर येत राहिला.

बंदिस्त तारकागुच्छ ही म्हाताऱ्यांची वस्ती. आकाशगंगेभोवती असे दीडशेहून अधिक आहेत, बहुतेकांचं वय दहा अब्ज वर्षांच्या पुढे. लाखो तारे एकमेकांना बिलगून असतात. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी सव्वाचार प्रकाशवर्षांवर. दाट गुच्छाच्या गाभ्यात तेवढ्या जागेत लाखांच्या घरात तारे. पल्सार ज्यांच्यापासून जन्मतात ते अजस्र तारे तिथे केव्हाच मरून गेले. हिशेबाने तिथले सगळे पल्सार गप्प असायला हवेत. पण १९८७ मध्ये धनु राशीतल्या एम-२८ या गुच्छात पल्सार सापडला, आणि तो सेकंदाला तीनशेहून जास्त फेरे घेत होता. त्या शोधकर्त्यांत श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांचा जन्म कुरुंदवाडचा. पाच वर्षं आधी, विद्यार्थी असतानाच, डॉन बॅकर यांच्यासोबत त्यांनी सेकंदाला ६४२ फेरे घेणारा पहिला मिलिसेकंद पल्सार शोधला होता. आज तारकागुच्छांतल्या पल्सारांची संख्या तीनशेच्या वर गेली आहे. ठाऊक असलेला सर्वांत वेगवान पल्सारही धनु राशीतल्याच टर्झान-५ या गुच्छात आहे, सेकंदाला ७१६ फेरे.

म्हणजे म्हातारे ऐकू येतात. मी मामाला चुकीचं सांगितलं होतं. आणि त्याचा पहिला प्रश्न, फिरवतंय कोण, हाच बरोबर प्रश्न होता.

उत्तर १९८२ मध्येच मांडलं गेलं होतं, आणि मांडणाऱ्यांत बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले राधाकृष्णन आणि श्रीनिवासन होते. थंडावलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याजवळ एखादा साधा तारा जोडीदार म्हणून असतो. म्हातारपणी तो फुगतो, त्याच्या अंगावरचा वायू न्यूट्रॉन ताऱ्याभोवती गोल फिरत त्याच्यावर पडत राहतो. मामा सायकल उलटी करून ठेवायचा आणि चाकाच्या कडेला तळहाताने टपला मारत राहायचा. चाक इतकं फिरायचं की आऱ्या दिसेनाशा व्हायच्या. अगदी तसंच. कोट्यवधी वर्षं टपला पडतात आणि मेलेला तारा सेकंदाला शेकडो फेरे घेऊ लागतो. जोडीदार स्वतः मात्र झिजतो, त्याचा लहानसा श्वेत बटू उरतो. गुच्छातल्या गर्दीत असे जोडीदार मिळणं सोपं असतं, म्हणून असे पल्सार तिथे जास्त.

इथवर पाठ्यपुस्तकातलं. एनजीसी १८५१ मधला पल्सार या चौकटीत बसत नव्हता, आणि निबंधाचं सगळं महत्त्व त्यातच होतं. तो सेकंदाला २०० फेरे घेतो, म्हणजे त्याला कुणीतरी नीट, भरपूर वेळ फिरवलेलं आहे. अशा पल्साराची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असते आणि सोबती हलका असतो. इथे मात्र १८.८ दिवसांची कक्षा इतकी लांबट, की जोडीदार सर्वांत लांब असताना अंतर सर्वांत जवळच्या अंतराच्या सतरा पट. शिवाय जोडीदार जड. पुढे खोडदच्याच सुधारलेल्या दुर्बिणीने केलेल्या मोजणीत पल्सार सूर्याच्या सुमारे १.२५ पट आणि जोडीदार सुमारे १.२२ पट निघाला. एवढा जड सोबती आणि इतकी वेडीवाकडी कक्षा, याचा एकच सरळ अर्थ लागतो. ज्याने याला फिरवलं तो हा नव्हे. गर्दीत कधीतरी हा दुसरा जवळून आला, पल्साराला चिकटला, आणि पहिला हलका जोडीदार बाहेर फेकला गेला. तो गुच्छात कुठेतरी भटकत असेल किंवा गुच्छ सोडूनही गेला असेल. त्याने दिलेला वेग तेवढा मागे राहिला आहे, २०० फेरे, आणि तोच आपल्याला चाळीस हजार प्रकाशवर्षांवरून ऐकू येतो.

हे वाचल्यावर मी ग्रंथालयातून उठून बाहेर गेले होते.

मग मनात आलं, मामाच्या कॅलेंडरवर 'दक्षिणंला खाली' असं ज्या रात्री लिहिलं होतं, त्यातली एखादी रात्र हीच असेल का? एनजीसी १८५१ खोडदहून दक्षिणेलाच दिसतो, क्षितिजापासून जास्तीत जास्त तीसेक अंश वर. मामीकडे जाऊन फडताळातला कागद काढावा असा मोह झाला. पण तेवढ्यात शिकलेलं आडवं आलं. पल्सार शोधताना साधारणपणे मधल्या चौकातल्या, जवळजवळच्या डिश एकत्र जोडतात. लांबच्या डिश जोडल्या तर आकाशाचा फारच छोटा तुकडा दिसतो. मामा राखत होता ती डिश पार टोकाची. तेव्हा त्याच्या राखणीचा या शोधाशी बहुधा काहीच संबंध नव्हता. जाळीचा मात्र होता. मधल्या चौकातल्या जाळ्यांवर त्याने हाताने तार पिळलेली आहे. मी कागद काढला नाही.

या शोधाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. तारकागुच्छात पल्सार शोधणं अवघड असतं, त्याचं एक कारण असं. ठोका निघतो तेव्हा त्याच्या सगळ्या लहरी एकदम निघतात, पण वाटेत मोकळे इलेक्ट्रॉन भेटतात आणि कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. आळंदीहून एकत्र निघालेली दिंडी पंढरपूरच्या वाटेवर जशी लांबत जाते, तसं. मागे पडलेल्यांना किती थांबून घ्यायचं हे ठाऊक नसेल तर ठोका ओळखूच येत नाही. पहिल्या वेळी अंदाजाने शेकडो आकडे घेऊन बघावे लागतात. पण गुच्छातला एक पल्सार सापडला की हा आकडा कळतो, आणि एकाच गुच्छातल्या सगळ्यांना तो जवळपास सारखाच लागू पडतो. एनजीसी १८५१ साठी तो आकडा खोडदने दिला. २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने त्याच गुच्छातले १३ नवे पल्सार जाहीर केले. त्यातल्या एकाने, २०२४ च्या जानेवारीत, साऱ्या जगाच्या खगोलशास्त्रज्ञांची झोप उडवली. त्याच्या जोडीदाराचं वस्तुमान सूर्याच्या २.०९ ते २.७१ पटींच्या दरम्यान. न्यूट्रॉन तारा म्हणावा तर सर्वांत जड, कृष्णविवर म्हणावं तर सर्वांत हलकं. यातलं काय ते अजून ठरलेलं नाही. इथेही संशय तोच, की आधीचा जोडीदार गेला आणि हा नंतर आला.

मी संशोधक झाले नाही. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि त्याची मला खंत नाही. अकरावीला लहरी शिकवताना जॉसेलिन बेलची गोष्ट सांगते. १९६७ मध्ये केंब्रिजजवळ तिने पहिला पल्सार पकडला. त्याआधी दोन वर्षं ती आणि तिचे सोबती माळावर घणाने खांब ठोकत आणि तारा ओढत होते, साडेचार एकरांत. नोबेल १९७४ मध्ये तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. हा अन्याय होता असं मला वाटतं, ती स्वतः काहीही म्हणो. पण मुलांना सांगताना मी जास्त रेंगाळते ते घण आणि तारांपाशी. नोबेलचं ती स्वतःच वाचतील.

आणि जाळीचा धडा आला की कोंबडी सांगते. मुंगी जाते, कोंबडी जात नाही, लाटेला भोक दिसत नाही. पंधराएक वर्षं झाली, यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. पहिल्यांदा वर्गात ते तोंडून निघालं तेव्हा मुलं हसली. मी जशी हसले होते तशीच. मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे लाटेला वाटतं पत्राच आहे?" मी तिच्याकडे बघत राहिले, कारण हे शेवटचं वाक्य मी अजून सांगितलेलं नव्हतं.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला शाळा-महाविद्यालयांची गर्दी होते. मी मुलांना घेऊन जाते. दुर्बिणीच्या आवारात मोबाईल बंद ठेवायला सांगतात. चाळीस हजार प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या ठोक्यापुढे खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ढोल. तुम्ही गेलात तर कृपा करून तो खरोखर बंद करा, नुसता मुका करू नका. आणि एनजीसी १८५१ बघायचाच असेल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, मृगाच्या खाली शशक आणि शशकाच्या खाली कपोत शोधा. साध्या द्विनेत्रीतून पुसट धुक्याचा ठिपका दिसतो. पल्सार दिसत नाही, ते सांगायला नको.

मामी आता सत्तरीच्या पुढे आहे. यंदा पाऊस लांबला, शेंगा उशिरा निघाल्या आणि माती फार चिकटून आली. आम्ही दोघींनी त्या दोन दिवस चाळल्या. चौकटीचे दोन खिळे नवे ठोकावे लागले. जाळी तीच आहे.